प्रफुल, मंजुषा आणि डीडीआर

कम्प्युटर दुरुस्तीची पेटी गाडीला बांधून फिरणारा प्रफुल त्या दिवशी गडचांदूरला फक्त पंक्चर काढायला थांबला होता. तेवढ्यात समोरच्या, ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या खोलीतून तिथं काम करणारी एक मुलगी, मंजुषा, बाहेर आली. भुवयांवर सिमेंटची पांढुरकी धूळ, आणि तरीही... असो.

"तुमी कम्प्युटरवाले ना? आमचा सकाळपासून बोंबलून राह्यला."

प्रफुलनं डबा उघडला, रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबरानं घासली, परत बसवली. कम्प्युटरचं पीं-पीं थांबलं आणि तो चालू झाला. मंजुषा हसली. पुढं धूळ दर आठवड्याला रॅमवर बसायची, मशीन बोंबलायचं आणि प्रफुल देवाचे आभार मानत खोडरबर घेऊन निघायचा. सल एकच — ती त्याला 'प्रफुलभाऊ' म्हणायची.

मग २००३ साली डीडीआर आली. नवी, दुप्पट वेगाची रॅम. सिमेंटवाल्यांनी घेतली, कोळशावाल्यांनी घेतली. नागपुरात जुनी मिळेनाशी झाली. काट्यावर ती घेऊन आला धनराज. चंद्रपूरचा विक्रेता, डोळ्यांवर गॉगल. मंजुषा त्याला पहिल्याच भेटीत 'धनराजजी' म्हणाली. जी! वर्षभर घासूनही प्रफुल 'भाऊ'च्या पुढं सरकला नव्हता.

"या रॅमचं नवं मशीनच लावा मॅडम," धनराज म्हणाला. "मंग मेकॅनिकचं तोंड पाहाची गरजच नाई."

मंजुषा खळखळून हसली. चुन्याच्या कळीवर पाणी पडावं तसा प्रफुल उसळला.

"एवढं काई नाई त्याच्यात. आण इकडं!"

त्यानं धनराजच्या हातातली पट्टी ओढली आणि जुन्याच मशीनमध्ये दाबली. बसेना. अजून दाबली. कट्... खोबणीच फुटली. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले. धनराजला नव्या मशीनची ऑर्डर आयतीच मिळाली. तो शीळ घालत गेला.

मंजुषानं पट्टी उचलून पाहिली.

"हिची खाच वेगळ्या जागी हाये. जुन्यात बसत नाई, हे तूच सांगतलं होतं मले."

'भाऊ' गळाला होता, 'तुमी'ही. घाबरलेल्या प्रफुलला त्याचा पत्ता नव्हता.

"हो..."

"मंग काऊन दाबली?"

"तू... हसली म्हणून. त्याच्यासंग."

"त्याच्यासंग?" तिनं पदरानं... नव्हे, ओढणीनं तोंड झाकलं. "तो तोंड पाहाची गरज नाई म्हणाला, अन् मी तुझं तोंड पाह्यलं. काय झालं होतं रे ते! म्हणून हसली."

प्रफुल फुटलेल्या खोबणीचे तुकडे गोळा करू लागला.

"नवं मशीन बिघडनार नाई," तो पुटपुटला. "मंग मी कसा येऊ?"

"काऊन? मशीन बोंबलल्याशिवाय पाय उचलत नाई काय तुझे?"

नवं मशीन आलं. खरंच बिघडेना. बाजाराच्या दिवशी प्रफुल इस्त्रीचा शर्ट घालून, रिकाम्या हातानं दारात उभा राहिला.

"मशीन तं चालू हाये," काट्यावरचा म्हातारा बिरजू म्हणाला.

"माहीत हाये," प्रफुल म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आतून आवाज आला, "बिरजूभाऊ, चाय सांगून या ना. अन्... जरा सावकाश या."