तिसरी खुर्ची

आई गेल्याचं अंबरीषला कळलं, तो दिवस प्लास्टिकच्या कचऱ्याचा होता. फोन ठेवल्यावर काय करावं सुचेना, म्हणून तो पिशवी घेऊन खाली गेला. पिशवी जळणाऱ्या कचऱ्याची होती, तिचा दिवस वेगळा.

संध्याकाळी कावासाकी शहरातल्या ऑफिसातून फुनाबोरीला घरी परतला, तर दारात एक मुलगी तीच पिशवी धरून बेल वाजवत उभी.

"मी ईश्वरी. दुसरा मजला. परदेशी लोकांचा कचरा बघायचं काम जपानी घरमालकिणीने माझ्या गळ्यात घातलंय. नूडल्सचे नऊ डबे, अंबरीष-सान! सहा महिने तुमचा कचरा ओळखते, तुम्हाला आज बघितलं."

त्याला हसू आलं. त्या दिवशी हसू आलं, याची त्याला पुढे महिनाभर लाज वाटत राहिली.

तो पुण्याला गेला नाही. बाबाच म्हणाले होते, "आता येऊन काय करणार? काम कर." त्यानंतर त्याला बाबांना फोन करायचा धीर झाला नाही. ऑफिसातही तो काही बोलला नाही. पण मीटिंगमध्ये त्याचं लक्ष नसतं हे दिसत होतं, तेव्हा मॅनेजरने त्याला समुपदेशकाकडे पाठवलं. बाई झिम्बाब्वेच्या, नाव मोयो. त्यांच्यासमोर तीन खुर्च्या होत्या.

"एकटेच आलात? आमच्याकडे दुखणं एकट्याचं नसतं, मग मी एकट्याला कशी तपासू? दोन माणसं आणा. बोलतील ती, तुम्ही गप्प बसायचं."

"माझं इथे कुणी नाही."

"तुमच्या घराची बेल शेवटची कुणी वाजवली?"

उत्तर त्याला येत होतं, तीच पंचाईत.

"शनिवारी माझ्याबरोबर याल?" कावळ्यांनी फोडू नयेत म्हणून कचऱ्याच्या पिशव्यांवर टाकतात त्या जाळीपाशी त्याने ईश्वरीला विचारलं. "माझं... माणूस म्हणून?"

"अगं बाई! पोरी पटवायची ही कुठली तऱ्हा?"

"तसं नाही हो! त्या बाई एकट्याला तपासतच नाहीत."

"आणि मी काय बोलू? मला फक्त तुमचा कचरा माहीत आहे."

"तेवढाच सांगा."

तिने खरंच तेवढाच सांगितला. "नऊ डब्यांचे चौदा झालेत, मॅडम. पूर्वी दर महिन्याला कचऱ्यात पांढरं कापड असायचं. पार्सलवर शिवलेलं, बारीक टाक्यांचं, वर शाईने पत्ता. मेतकुटाचा वास यायचा त्याला. महिना झाला, ते कापड..." ती अंबरीषकडे वळली. "कोण गेलं हो?"

"आई," तो म्हणाला, आणि रडायला लागला. ईश्वरीने पर्स उलटीसुलटी केली. रुमाल सापडला नाही. एक कोरी पिशवी सापडली, ती तिने पुढे केली.

"जळणाऱ्या कचऱ्याचीच आहे," ती म्हणाली. रडता रडता तो हसला. या वेळी लाज वाटली नाही.

मोयोबाईंनी औषध दिलं ते असं. "आमच्याकडे सकाळी विचारतात, झोप झाली का. उत्तर द्यायचं, तुमची झाली असेल तर माझी झाली. रोज एकमेकांना विचारा. आणि ही तिसरी खुर्ची कुणाची?"

"बाबांची."

"मग त्यांनाही विचारा."

दुसऱ्या सकाळी ईश्वरीने विचारलं, "झोप झाली का?"

"झाली."

"असं नाही! डोस पुरा घ्या."

"तुमची झाली असेल तर... झाली."

दोघांनाही उगाचच जाळी नीट करावीशी वाटली.

असे तीन आठवडे गेले. मग एका गुरुवारी तो जिना उतरला, तर ती खाली उभी.

"आज कचरा नसतो," ती म्हणाली.

"माहीत आहे. तुम्ही का आलात?"

"आधी मी विचारणार. झोप झाली का?"

"नाही."

"का?"

"तुझी झाली नसेल... असं वाटत राहिलं."

तिने त्या 'तू'कडे दुर्लक्ष केल्यासारखं केलं. पण कान लाल झाले. "नाहीच झाली. आणि याला कारण कोण?"

"मी? मग आता हे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचं?"

"हे ठेवायचं नसतं, वेड्या. घरी न्यायचं असतं. चल वर, मेतकूट-भात करते. ते डबे आजपासून बंद."

तो वर गेला. पुढच्या दिवाळीत लग्न करायचं, असं दोघांचं ठरलं आहे. पुण्याला फोन करायचं कार्ड आणून, त्यावरचा नंबर खरवडून ठेवला आहे. पुण्यात सकाळ होते तेव्हा इथे ऑफिसात मीटिंग असते, हे कारण ईश्वरी आता ऐकून घेत नाही.

झोप झाली का, हे बाबांना विचारायचं अजून राहिलं आहे.