मागच्या सीटवरचं ‘हूं री’

समर्थ, तो मोबाइल पालथा घाल बघू. आणि तेजस्वी, तू हूं दे. गोष्टीला हूं देणारं माणूस लागतंय रं. हूं न्हाय मिळालं की सांगणाऱ्याची जीभ आखडती. पर एकदाच दे, उगं म्हशीगत हंबरू नको.

पायगोंडा तुम्हाला ठावं हाय. चिकोडी रोडला, माझ्या दुकानाला लागून, पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो त्यो. तांब्याची तार आणायला दर गुरवारी बेळगावला जायचा. जुनी ओमनी. त्रिशला, त्येची बायको, संगं असायची. तिची कंबर धरायची म्हणून मागच्या सीटवर पाय पसरून बसायची. आणि वाटंत दोघं मोबाइलवर गोष्ट ऐकायची. कुणीतरी वाचून दाखवलेली पुस्तकं असतात न्हाय का, तसली. मोठी मालिका होती. सात बुरुजांचं कसलंसं नगर, तिथं एक हेर. खून झाला की त्यो मेलेल्या माणसाची सावली साक्षीला बोलवायचा. मी चेष्टा करायचो, “पायगोंडा, बायकू बोलायला आणलीस का मेलेल्याच्या सावल्या ऐकाय?” तर दोघं बी हसायची. लई गोडी लागलेली. खुनी कोण, ह्यावरनं संकेश्वर येईपतुर भांडायची.

त्रिशला कानडी घरातली. गोष्ट चालू असली की ती मोबाइललाच हूं द्यायची, “हूं री.” आपण ‘व्हय जी’ म्हणतो तसं. आणि भाग संपला रं संपला की विचारायची, “मुंद?” म्हणजे पुढं काय?

गेल्या दिवाळीच्या तोंडाला त्रिशला गेली. झोपेतच. गोष्ट अर्ध्यात राहिली. लेकरूबाळ न्हाय. पायगोंडा पार एकटा पडला.

कामधंदा काय सुटत न्हाय. सुतकाचे दिवस सरल्यावर तार आणायला गेला. येताना उशीर झाला. संकेश्वर मागं पडलं, करमंना, म्हणून त्यानं राहिलेली गोष्ट लावली. तवंदीचा घाट लागला. हेर बोलत होता. आणि मागनं आलं...

“हूं री.”

गाडी थांबवून त्यानं मागं बघितलं. सीट मोकळी.

मला सांगताना रडत होता, पर खुशीत होता. मग रोज रात्री घाटात जायला लागला. तवा त्येला एक कळलं. ऐकलेलं परत लावलं की हूं येत न्हाय. नवीन लावलं तरच येतंय. म्हणजे तिला ऐकायचं तर गोष्ट पुढं न्यायची, आणि गोष्ट तर संपत आलेली. थोडं थोडं ऐकायचा, पोरगं गुळाचा खडा चाटून पुरवतंय तसं. पर किती पुरणार?

मी म्हणलं, “ती त्रिशलाच कशावरनं? घाटात काय काय असतंय.”

“आवाज तिचाच हाय, आण्णा.”

“आवाज कुणी बी काढंल.”

मग मीच तोड काढली. जैनाचं घर ते. दिवस मावळला की त्रिशला तोंडात कण घालत नव्हती. तापानं फणफणली तरी न्हाय. आणि बेळगावचा कुंदा, ती खव्याची मिठाई, म्हणजे तिचा जीव की प्राण. म्हणलं, कुंदा मागच्या सीटवर ठेवू. त्रिशला असंल तर दिवस उगवंपतुर शिवणार न्हाय. दुसरं कोण असंल तर... कळंल.

पायगोंडानं गाडीची चावी उचलली. मग म्हणाला, “चला.”

मार्गशीर्षातली वद्य चतुर्दशी, गुरवार. हलवायानं माझ्यासमोर खोका भरला, दोरा गुंडाळून गाठ मारली. मध्यरात्र उलटल्यावर घाटात गाडी कडंला लावली. मी पुढं, त्येच्या शेजारी. खोका मागं.

शेवटचा भाग. शेवटची पाच-सात मिनिटं.

त्यानं गोष्ट लावली.

“हूं री.”

मी ऐकलं. ह्या कानानं. मान वळवावी म्हणलं... वळंना.

मोबाइलवर हेरानं सावलीला विचारलं, “बोल, तुला कुणी मारलं?” पायगोंडानं झटक्यात मोबाइल बंद केला. नाव ऐकूच दिलं न्हाय.

सगळं गप्प. घाटात एक ट्रक न्हाय.

“मुंद?”

मी म्हणलं, चावी फिरव. म्हणलं म्हणजे... ओठ हलले. आवाज न्हाय.

“मुंद?”

आता जवळनं. त्येच्या सीटच्या पाठीमागनं.

“मुंद?”

कानाशी.

आणि पायगोंडा बोलाय लागला. “मग... मग ती सावली म्हणाली...” गोष्ट रचत होता, मनानंच. बुरूज, हेर, नवा खून, काय बी. घाम गळत होता. घसा बसला. जरा थांबला की...

“मुंद?”

मी काय केलं? काय न्हाय. शेजारी बसून होतो. एवढा मोठा मी, आणि देवाचं नाव सुद्धा आठवंना.

निपाणीकडनं पहाटंची पहिली बस आली. तिचा उजेड आत पडला. आवाज थांबला. बस गेली. परत अंधार. चांदण्या तशाच.

मी खोका पुढं ओढला. हलवायानं मारलेली गाठ तशीच, दातानं सोडवावी लागली. झाकण उघडलं. कुंद्यात चार बोटं घालून काढल्यासारखा खड्डा.

“पायगोंडा... दिवस उगवायचाय अजून.”

त्यानं बघितलं. लई वेळ बघितलं. मग झाकण लावलं, हळूच, निजलेल्या माणसाला जाग येऊ नये तसं.

“भूक लागली असंल आण्णा,” बसक्या आवाजात म्हणाला. “मेल्यावर कसला नेम?”

त्येला कळलं न्हाय असं न्हाय रं. सगळं कळलं. परत घाटात निघाला तवा अडवाय गेलतो, तर पाया पडला माझ्या.

आता दर गुरवारी ताजा कुंदा घेऊन घाटात जातोय, मनानं रचलेली गोष्ट सांगाय. आज गुरवार. मघा त्येची ओमनी गेली, ऐकली असशीला. सकाळी मी त्येच्या गाडीत बघतो. खोका मागच्या सीटवर असतोय. गाठ तशीच.

आत काय नसतंय.