कुलूपबंद घट

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, संध्याकाळी आमच्या गावात घट मांडतात. शिवारातल्या एका तुकड्यात मोठा गोल आखायचा, त्याच्या कडेने गहू, तूर, सरकी, तीळ अशी धान्यं ठेवायची, मधोमध खड्ड्यावर पाण्याची घागर. रात्री तिथे कोणी फिरकत नाही. सकाळी कोणता दाणा कुठे सरकला ते बघून पंजाबराव आबा पिकांचं भाकीत सांगतात.

माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. वरवट बकालला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिकेत मुहूर्त छापते म्हणून मुहूर्त मानते असं थोडंच आहे?

मागच्या वर्षी कोणीतरी मोबाइलवर घटाच्या फोटोत फेरफार करून सरकी गोलाबाहेर दाखवली. दाणा बाहेर म्हणजे पीक जोरात. लोकांनी सगळीकडे कपाशी लावली, ती हातची गेली आणि शिव्या आबांना पडल्या. यंदा आबा दुकानात आले ते धुमसतच.

"रुपाली, फोटोले असं कुलूप लाव का कोनाले बोट लावता येऊ नये. यंदा एक जरी बोंब झाली तं मांडनी बंद. माह्यामांगं करनारा तरी कोन हाय?"

त्यांच्यामागे त्यांची नात निशिगंधा उभी होती. तिचा चेहरा पडला. प्रत्येक दाण्याची जागा या पोरीला पाठ आहे, पण सगळी बांधावरून बघून. बाईमाणसाचा पाय घटात पडला तर मांडणी बाटते म्हणे. आबांना मुलगा नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी हेका सुटत नाही. मला त्यांचा रागच आला. मांडणी बंद पडली तर या पोरीचं बांधावरून बघणंही जाणार होतं.

मावळतीच्या बांधावरून मी घटाचा फोटो काढला. ऊन माझ्या पाठीशी होतं. आबांची लांब सावली दाण्यांवरून पलीकडे गेली होती. दुकानात येऊन पीडीएफ केली. उघडायला सर्वांना मोकळी. बदल करायला, नक्कल करायला परवानगी नाही. पासवर्ड फक्त माझ्याकडे. वर डिजिटल सही, म्हणजे नखाएवढा जरी फरक केला तरी फाइल स्वतःच सांगणार. मग ती मोबाइलवरच्या सगळ्या गटांवर सोडली.

अंधार पडता पडता अमडापूरहून फारुखभाईंचा फोन आला. त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे, दरवर्षी ते मांडणीची वाट बघतात.

"ताई, सकाय व्हायच्या आंधीच सकायचा फोटो कसा काय पाठवला?"

"तो आत्ताचाच आहे, भाई."

"मंग ऊन समोरून काऊन येऊन राह्यलं? अन् तूर बाहेर सांडली हाय."

मी हसले. त्यांच्या मोबाइलचं अ‍ॅप भंगार असणार. फॉन्ट बिघडतात, रंग बदलतात, हा माझा रोजचा धंदा आहे. दुकानातल्या जुन्या पीडीएफ रीडरमध्ये फाइल उघडली. संध्याकाळ, आबांची सावली, तूर जागच्या जागी. मग माझ्या मोबाइलवर उघडली.

ऊन समोरून येत होतं.

मी सगळं करून पाहिलं. चित्राचे थर एकजीव केले, जुन्या आवृत्तीत जतन केली, दुसरं अ‍ॅप घेतलं. शेवटी कॉम्प्युटरवरच नवा रीडर टाकला आणि तीच एक मूळ फाइल दोन खिडक्यांत शेजारी शेजारी लावली. डावीकडे संध्याकाळ, उजवीकडे सकाळ. दोन्हींवर सहीपुढे हिरवी खूण: बदल झालेला नाही.

मी उजवीकडचं चित्र मोठं केलं. घागरीवर दव होतं. थेंब अन् थेंब दिसत होता. माझ्या कॅमेऱ्यात एवढी ताकद नाही. पलीकडून एक सडपातळ सावली आत आली होती, खांद्यावरून वेणी लोंबत होती. तिच्याशेजारी एक मोठा काळा डाग होता. जुन्या-नव्या सॉफ्टवेअरचं जमत नाही तेव्हा असे डाग पडतात, असं मी स्वतःला बजावलं. हात जोडले नाहीत. पण खुर्चीवर बसवेना, उठून उभी राहिले.

आबांना बोलावून घेतलं. निशिगंधाच त्यांना हाताला धरून घेऊन आली. नाक पडद्याला टेकेल इतके ते वाकले. वेणीच्या सावलीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे बदलता येत नाही ना कोनाले?"

"नाही, आबा. कुलूप लावलंय."

त्यांनी बोट पडद्यावरून काढलं. मग नातीकडे वळले.

"मंग मी कोन बदलनारा? सकायी न्हाऊन ये बाई. घटात तू जाय."

निशिगंधा ओढणी पदरासारखी तोंडावर धरून रडली.

सकाळी मी आणि आबा मावळतीच्या बांधावर उभे राहिलो. घटात जायची वाट उगवतीकडून. निशिगंधा तिकडून एकटीच आत गेली. मागे लोक जमले होते, पण कोणी तिला अडवलं नाही.

तूर बाहेर सांडली होती. सरकी जागेवर. घागरीवर दव. मी मोबाइल काढून पाहत होते आणि समोर पाहत होते. एवढं मोठं काही इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.

निशिगंधा वाकली. वेणी खांद्यावरून खाली आली. तिची सावली दाण्यांवरून थेट आमच्याकडे आली.

शेजारी दुसरी होती.

मी उगवतीकडे पाहिलं. निशिगंधाजवळ कोणीही नव्हतं. मातीवर मात्र फेटा दिसत होता, फेट्याचं मागे सोडलेलं टोकही. आणि लांब केलेला एक हात.

"माहा बाप," आबा पुटपुटले, "फेटा असाच बांधे."

तेवढ्यात निशिगंधाचा आवाज आला. मान वर न करता, थोडी वैतागून, घरातल्यासारखी बोलली.

"आबा, डोक्श्यावरचा हात काढा ना. मले खाली पाहू द्या."

आबांचे दोन्ही हात माझ्याशेजारी, बांधावर, जोडलेले होते.