धार लावा

सुताराला गल्लीत सगळे 'मिलिमीटर' म्हणत. दाराची फट मापताना तो एका डोळ्याने फट बघायचा आणि दुसऱ्याने गिऱ्हाइकाला गप्प बसवायचा. केसभर फरक राहिला तरी त्याला जेवण गोड लागत नसे. बायको म्हणायची, यांच्याशी भांडायचं तरी काटकोनात भांडावं लागतं.

त्या दिवशी सकाळपासून मात्र मिलिमीटरचा रंधा त्याचं ऐकत नव्हता.

काम साधं होतं. बायकोला पाठ टेकायला एक उतरती फळी करायची होती. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं तेव्हा आवाज इतका मऊ केला होता की मिलिमीटरला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. आडवं पडलं की तिला श्वास पुरत नसे. टेकून बसली तर थोडं बरं वाटेल, एवढंच काय ते त्याच्या हातात होतं. ती आतल्या खोलीत पलंगावर होती आणि उशाशी तिची धाकटी बहीण बसली होती. मधलं दार त्याने उघडंच ठेवलं होतं.

रंधा फळीवरून जाताना थरथरत होता. लाकूड कापायचं सोडून ओरबाडत होता. सालपटाच्या जागी चुरा निघत होता आणि मागे बारीक लाटा उमटत होत्या. मिलिमीटर चिडला नाही. रंधा बिघडला की कुठे कुठे बघायचं हे त्याला पाठ होतं. तळावर पट्टी उभी धरून त्याने उजेडाकडे बघितलं. तळ सपाट होता. रंध्याच्या तोंडात अडकलेला चुरा काडीने काढला. पात्याला कालच धार लावली होती, मनगटावरचे केस साफ उतरत होते. शेवटी त्याने पाचर हलवून बघितली. पातं दाबून धरणारी ती लाकडी पाचर एका कडेने सैल होती. ती थोडी घासून त्याने पुन्हा ठोकून बसवली आणि रंधा मारला. सर्रकन लांबलचक, एकसंध सालपट वर आलं.

आतून मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ताईची घरघर थांबली बघा. किती दिवसांनी असा श्वास घेतेय!"

त्याला फार बरं वाटलं. रंधा ठेवून तो बघायला उठला, तर दारापर्यंत पोचायच्या आत खोकल्याची उबळ सुरू झाली. तिला पाणी पाजून तो परत आला आणि कामाला लागला. उबळ ओसरली.

योगायोग म्हणून त्याने सोडून दिलं, पण कान सोडेनात. रंधा पुढे जायचा तेव्हा आत श्वास घेतला जायचा, मागे यायचा तेव्हा सुटायचा. फळीत एका जागी गाठ होती. तिथे रंधा किंचित अडखळायचा, आणि आत तिचा श्वासही अडखळायचा. मिलिमीटरने मुद्दाम हात सावकाश केला. आतला श्वास सावकाश झाला.

मापल्याशिवाय विश्वास ठेवणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने भिंतीवरचा दुसरा रंधा घेतला. तो झकास चालला आणि आत घरघर सुरू झाली. मग पहिलाच रंधा पातं वर उचलून नुसता फिरवला, घरघर चालूच. पातं पुन्हा खाली आणलं, ते लाकडाला लागलं आणि आत सगळं शांत झालं.

हे सांगायचं कुणाला? मेहुणीला सांगितलं असतं तर तिने त्यालाही अंथरूण घालून दिलं असतं. तो रंधा मारत राहिला.

दुपारी मेहुणी जेवायला बोलावून गेली. नंतर चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली.

"भाऊजी, फळी केव्हाच सपाट झाली. अजून किती तासणार?"

"थोडी राहिलीय."

मापाच्या बाबतीत मिलिमीटर आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला. फळीची जाडी निम्म्यावर आली होती; तिला पाठ टेकली असती तर ती मोडली असती. त्याचे खांदे भरून आले होते आणि पाय घोट्यापर्यंत सालपटांत बुडाले होते.

आणि पातं बोथट होत चाललं होतं.

प्रत्येक श्वासागणिक थोडी धार जात होती. हात जड जायला लागला, सालपट तुटायला लागलं आणि आतली घरघर परत आली. यावरचा उपाय कुठलाही नवशिका सुतार सांगेल. त्याने पाचर सैल केली, पातं बाहेर काढलं आणि दगडावर पाणी शिंपडलं.

"भाऊजी! ताई श्वास घेत नाहीये!"

सकाळी नुसता खोकला आला होता. आता श्वासच थांबला होता. त्याने तेच पातं आत खुपसलं, पाचर ठोकली आणि रंधा फळीवर रेटला. आत एक लांब, फाटका श्वास ओढला गेला. मेहुणी रडायला लागली. मिलिमीटरही रडत होता, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. घरात दुसरं पातं होतं, पण ते बसवायचं तर आधी हे काढावं लागलं असतं. काय करावं ते त्याला कळेना.

उन्हं कलली. रंधा आता लाकडावर नुसता घासत होता. आतला आवाज ऐकवत नव्हता. कुणीतरी जड कपाट फरशीवरून ओढत असावं तसा तो येत होता.

"अहो," ती आतून म्हणाली. "बोथट झालंय."

"काय?"

"पातं. मला कळत नाही होय? इतकी वर्षं ऐकतेय." पुढचा श्वास यायला वेळ लागला. "धार लावा."

"लावतो गं. थोड्या वेळाने."

"आत्ता लावा. असलं काम करता होय तुम्ही?"

तिला सगळं कळलंय का, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने रंधा थांबवला. पाचर काढली. पातं काढलं.

धार लावताना त्याने घाई केली नाही. घाई केली असती तर तिला आवाजावरून कळलं असतं.

आत मेहुणीने एकदा "ताई" म्हटलं. मग पुन्हा, मोठ्याने. मग काहीच नाही.

पातं लखलखीत झालं. त्याने ते पुसलं, बसवलं, पाचर ठोकली, डोळा लावून कड बघितली. आता दुसरं काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने रंधा फळीच्या टोकावर ठेवला आणि पुढे रेटला.

सर्र.

आत श्वास घेतला गेला. स्वच्छ, खोल, तरुण पोरीचा असावा तसा.

मिलिमीटरचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मेहुणी दारात आली आणि त्याचा हात फळीच्या मध्यावरच थबकला. तिच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता.

"भाऊजी," ती कुजबुजली, "ते थांबवा. तिचे डोळे मी केव्हाच मिटलेत. तोंडावर चादर घातलीय."

तिच्या खांद्यावरून त्याला पलंग दिसत होता. चादर तोंडापाशी आत ओढली गेली होती आणि तशीच राहिली होती.

रंधा मागे यायची वाट बघत होती.