दुसऱ्या बाजूचा खोकला

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं. आमचे दाजीही आधी हसलेच होते.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. जे काचेतून दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा माणूस. शिवाय त्यांना खोटं बोलताच येत नाही. बोलले की कान लाल होतात. हे सगळं मला सांगत होते तेव्हा मी त्यांच्या कानांवरच नजर ठेवून होतो.

कानांचा रंग बदलला नाही.

आणि रात्रबित्र मुळीच नव्हती. रविवारची दुपार होती. चौथ्या मजल्यावरच्या घरातली मागची खोली. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या बादलीचा आवाजसुद्धा वर येत होता.

अशा उजेडात ते झालं...

त्या खोलीत दाजींच्या रेकॉर्ड आहेत. भिंतभर. रेकॉर्डवाल्यांचं सुख बाहेरच्याला कळत नाही. जुन्या सामानाच्या दुकानात कमरेत वाकून खोकी चाळायची. बोटं काळी होईपर्यंत. हवी ती सापडली की चेहरा असा पाडायचा, की जणू दुकानदारावर उपकार म्हणून नेतोय. घरी आलं की पिशवी चपलांच्या कपाटामागे लपवायची आणि बायको अंघोळीला गेली की आत न्यायची. मग मऊ ब्रशने धुवायची, आणि ताटांच्या जाळीत ताटांशेजारी वाळत ठेवायची.

“एक दिवस यावरच जेवायला वाढीन,” असं ताई म्हणायची.

या सुखात दाजींना एक भागीदार होता. दाताचा डॉक्टर. आम्ही सगळे त्यांना दातवाले म्हणायचो. दर रविवारी दुपारी ते यायचे, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचे, आणि दोघांचं भांडण सुरू व्हायचं. दाजी जॅझचे. दातवाले शास्त्रीय संगीताचे, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि काळे कोट घातलेला मोठा वाद्यवृंद.

“तुझं जॅझ म्हणजे माझी वेटिंग रूम,” दातवाले म्हणायचे. “सगळे एकदम विव्हळतात.”

“आणि तुझं शास्त्रीय म्हणजे तुझी खुर्ची. एकदा बसलं की सुटका नाही.”

दोघांचं एकमत फक्त एका रेकॉर्डवर होतं. एका पियानोवाल्याने भरल्या सभागृहात वाजवलेली मैफल. पहिल्या बाजूला जॅझ, दुसऱ्या बाजूला शास्त्रीय. दोघांकडे एकेक प्रत. आणि या रेकॉर्डमध्ये दातवाल्यांचा जीव अडकला होता, कारण विद्यार्थी असताना ते स्वतः त्या सभागृहात बसले होते.

दुसऱ्या बाजूला एक फार संथ जागा येते. पियानो थांबतो. सगळं सभागृह श्वास धरून बसतं...

आणि कुणीतरी खोकतं.

“तो मी!” दातवाले छाती फुगवून सांगायचे. “पियानोवाल्याला पैसे मिळाले. मी फुकट वाजवलं.”

त्यात दाजींचं दुर्दैव असं, की त्यांच्या प्रतीवर नेमका तिथे ओरखडा होता. सुई टुणकन उडी मारायची. थांबणं नाही, खोकला नाही, एकदम पुढचा सूर. दातवाल्यांची प्रत मात्र आरशासारखी. किती वर्षं दाजी तिच्याकडे बघून आवंढे गिळत होते, ते ताईला विचारा.

मग दातवाले आजारी पडले. छातीचं दुखणं. वर्षभर चाललं, आणि गेले.

महिन्याभराने त्यांच्या बायकोने दाजींना बोलावलं. कपाट उघडून म्हणाल्या, “भाऊजी, मला यातलं काही कळत नाही. हव्या त्या न्या. फक्त ही एक राहू दे. यांची आठवण.”

कुठली, ते सांगायला नको.

“अहो, राहू दे की वहिनी!” दाजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले.

घरी येईपर्यंत दाजींनी डोक्यात हिशेब मांडला होता. वहिनी जन्मात कधी रेकॉर्ड लावणार नाहीत. त्यांना हवी आहे आठवण. आठवण राहते कव्हरात. आवाज राहतो तबकडीत. मग कव्हर वहिनींना आणि तबकडी आपल्याला, यात कुणाचं काय गेलं?

हा हिशेब रेकॉर्डवाल्यालाच सुचावा. चोर सबंध वस्तू नेतो बिचारा.

पुढच्या खेपेला, एका रविवारी सकाळी, दाजी स्वतःची ओरखड्याची तबकडी पिशवीत घालूनच गेले. वहिनी चहा टाकायला आत वळल्या. चहाला उकळी येईपर्यंत काम झालं होतं.

त्याच दुपारी दाजींनी चोरलेली तबकडी धुतली, पुसली, प्लेअरवर ठेवली. दुसरी बाजू. समोर वेताची खुर्ची रिकामी.

संथ जागा आली. पियानो थांबला.

शांतता...

आणि खोकला.

दाजी हसले. डोळेही पुसले जरा. “ऐकला रे बाबा,” असं म्हणालेसुद्धा.

मग दुसऱ्यांदा खोकला आला.

दाजींनी मान वर केली. ती रेकॉर्ड त्यांनी दातवाल्यांकडे पुष्कळदा ऐकली होती. खोकला एकच होता. एकदाच.

सुई मागे नेऊन पुन्हा लावली.

एक... आणि मग दुसरा. दुसरा जरा ओला. जरा जवळचा.

‘प्रत वेगळी असेल,’ असं दाजींनी मनाला सांगितलं. पण ती तीच प्रत होती. ओरखडा नसलेली. याच कानांनी ऐकलेली.

त्यांनी रेकॉर्ड बदलली. मुद्दाम जॅझची लावली, बंद स्टुडिओत वाजवलेली. तिथे ऐकायला कुणी बसलेलं नसतं. टाळ्या नाहीत, खुर्च्या नाहीत.

सॅक्सोफोन दम घ्यायला थांबला.

तिथे खोकला आला...

दाजींनी प्लेअर बंद केला. स्पीकरची वायरसुद्धा काढली. खाली गाडी धुणाऱ्याने बादली ओतली, पाणी गटारात गेलं, तेही ऐकू आलं. इतकी शांतता.

“अहो!” ताई स्वयंपाकघरातून ओरडली. “केव्हाचे खोकताय! पाणी तरी प्या!”

दाजी एकदाही खोकले नव्हते.

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. उन्हात वेताची सावली पडली होती. बाकी काही नाही.

ताई पाणी घेऊन आली. दाजींनी पेला घेतला आणि धरूनच बसले. तेवढ्यात फोन वाजला.

वहिनी होत्या.

“भाऊजी, मशीन बिघडलंय का हो? यांचा खोकला गेला.”

“काय गेला?”

“त्या रेकॉर्डमधला. मी रोज दुपारी लावते ना. मला त्यातलं वाजवणं-बिजवणं कळत नाही, तेवढ्यासाठी लावते. माझ्याकडे त्यांचा दुसरा कुठलाच आवाज नाही हो. फोनवर बोलायचे तेही कुठे जपून ठेवलं नाही. आपल्याला काय माहीत असतं... आता बघते तर तिथे उडीच मारतंय. टक्, आणि पुढे. मी काही चुकीचं दाबलं का?”

“नाही नाही,” दाजी म्हणाले. “सुई झिजली असेल. मी... मी बघतो.”

फोनवर कान दिसत नाहीत, हे एक बरं.

ताई समोरच उभी होती. तिला दिसत होते. “काय केलंत?” तिने विचारलं.

दाजींनी सगळं सांगितलं. बदललेली तबकडी, स्टुडिओतली रेकॉर्ड, सगळं. ताई भुताला घाबरली नाही. दाजींवर भडकली. “एका बाईकडे नवऱ्याचा उरलासुरला एवढा आवाज, आणि तुम्ही तो ताटाच्या जाळीत वाळवलात? आधी परत द्या जा!”

दाजी तसेच निघाले.

वहिनींनी दार उघडलं. दाजी नवी सुई बसवायचं नाटक करत प्लेअरपाशी गेले, वहिनींकडे पाठ केली आणि तबकडी बदलली. आरशासारखी. जिथली तिथे.

“आता ऐका,” ते म्हणाले.

वहिनी मांडीवर हात ठेवून बसल्या. पाहुण्यांची वाट बघत बसतात तशा.

संथ जागा आली. पियानो थांबला. सुईने उडी मारली नाही. सभागृह श्वास धरून बसलं. शांतता जेवढी असायची तेवढीच होती. एवढीशीही तुटलेली नाही...

आणि पुढचा सूर वाजला.

खोकला नव्हता.

दाजींनी पुन्हा लावली. पुन्हा. दर वेळी ती शांतता येत होती आणि रिकामीच निघून जात होती. तबकडीवर केसाएवढाही ओरखडा नव्हता. दाजींनी भिंग लावून बघितलं.

“नाही ना?” वहिनी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणून दाजींना जास्त लागलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “मी तबकडी बदलली होती. चोरली म्हणा. ही तुमचीच. पण...”

“पण तो यात नाही.”

“नाही.”

“मग कुठंय?”

दाजींनी भिंग खिशात घातलं.

“आमच्याकडे आहे.”

वहिनींनी चप्पल पायात सरकवली आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

चार मजले चढून त्या मागच्या खोलीत आल्या. वेताच्या खुर्चीला हात लावला, पण बसल्या नाहीत. भिंतीकडच्या स्टुलावर बसल्या. ताई बसली. दाजी बसले. रेकॉर्ड लावल्या, बंद केल्या. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं.

काही नाही. कसलाही आवाज नाही.

शेवटी वहिनी उठल्या. ताई आणि दाजी त्यांना सोडायला बाहेर जिन्यापर्यंत गेले. दार ओढून घेतलं...

आणि आत खोकला आला.

लांबलचक. बराच वेळ दाबून ठेवलेला.

दाजी झटकन दाराकडे वळले. वहिनी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबल्या होत्या. त्यांनीही ऐकला होता. ताई दार उघडायला गेली तर त्यांनी तिचा हात धरला.

“नको,” त्या हळूच म्हणाल्या. “माझ्यासमोर नाही खोकणार ते. शेवटचं वर्षभर न्हाणीघरात जाऊन खोकायचे. नळ सोडून. मला कळू नये म्हणून.”

दारापलीकडे पुन्हा खोकला आला. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून वहिनी रोज दुपारी येतात. दाजींनी जिन्याच्या चौकात त्यांच्यासाठी खुर्ची टाकली आहे. दार बंद. आत दाजी एखादी रेकॉर्ड लावतात आणि बाहेर येऊन उभे राहतात. शेजारच्यांनी विचारलं तर ताई सांगते, “आमच्याकडे आत जागाच नाही हो, सगळ्या रेकॉर्ड!” आणि हे त्यांना पटतं.

इथवर सांगून दाजी माझ्याकडे बघून हसत होते. एखाद्याची वस्तू त्याला परत मिळाली, असा काहीसा समाधानाचा चेहरा होता. मग हसू मावळलं.

“परवाची गोष्ट सांगतो,” म्हणाले. “कुणाला बोलू नकोस.”

परवा दुपारी आत खोकला सुरू होता. हल्ली तो वाढलाय, असं दाजी म्हणतात. मध्ये दम लागतो. दाजी कठड्याला टेकून उभे होते. एकदम वहिनी खुर्चीतून उठल्या. तोंडावर रुमाल घट्ट धरला आणि भराभर अर्धा जिना उतरून गेल्या.

दाजी मागोमाग गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून वाकल्या होत्या. खांदे हलत होते. दाजींना वाटलं, रडतायत.

रडत नव्हत्या.

“किती दिवस झाले, वहिनी? डॉक्टरला दाखवलंत?”

वहिनींनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. वरच्या बंद दाराकडे बोट दाखवलं.

“हळू बोला, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “त्यांना कळायला नको.”

दाजींनी वर बघितलं. रेकॉर्ड केव्हाच संपली होती. आतला खोकलाही थांबला होता.

पण आत खुर्चीचा वेत करकरला... कुणीतरी उठल्यासारखा.

आणि मग दारापलीकडे, अगदी दारापाशी, कुणीतरी श्वास धरून ऐकत राहिलं.