ओल्या पुठ्ठ्याचा वास

बुधवारी दुपारी ती आत आली तेव्हा तिच्या छत्रीतून अजून पाणी ठिबकत होते आणि ती कुठे ठेवावी हे तिला उमगत नव्हते. मी छत्री तिच्या हातून घेतली. आमच्या बोटांची ओझरती भेट झाली — आणि माझ्या नेहमीच्या भिडस्तपणाने मीच आधी मागे सरलो.

दिजाँ या फ्रेंच शहराच्या मंडईमागे आमची नऊ टेबलांची खानावळ आहे. स्वयंपाकघर मालकीण मादाम पेरेनो सांभाळतात, वाइन मी. तिने लाल वाइनमध्ये शिजवलेली अंडी मागवली आणि सोबतची बाटली निवडणे माझ्यावर सोपवले. मी बाटली उघडली, बूच नाकाशी धरले, क्षणभर डोळे मिटले.

"उत्तम आहे," मी म्हणालो. "रानातल्या चेरीचा गंध."

तिने पेला उचलला, हुंगला आणि थबकली. मग माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. फाटक्या पानावरचे अर्धे वाक्य वाचताना माणूस जसा थांबतो, तशी ती थांबली होती.

"उत्तम?"

"उत्तम."

"बरं," ती म्हणाली, आणि सावकाश अर्धा पेला प्यायली.

निघताना छत्री घेण्यासाठी ती माझ्याजवळ आली. "एक सांगू? मी समुद्राकडच्या काँपेरच्या दफ्तरखान्यात जुने कागद दुरुस्त करते. इथल्या दफ्तरखान्यात शुक्रवारपर्यंत कामाला आलेय, शनिवारी परत. दिवसाचे आठ तास ओल्या पुठ्ठ्याचा वास घेते. जेवताना तरी तो नको होता."

माझे कान तापले. बूच नासले की वाइनला नेमका ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. आमच्या कामात हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

"मग परत का नाही केलीत?"

"तुम्ही ते बूच इतक्या प्रेमाने हुंगत होतात..." तिचा आवाज उतरला. "तुम्हाला काहीच वास आला नाही, हो ना?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सप्टेंबरच्या तापाने माझी वासाची जाणीव नेली होती. तेव्हापासून मी बाटलीवरचे साल वाचून आणि आठवणींच्या आधारावर बोलत होतो. जग जागच्या जागी होते, पण काचेपलीकडे. भाजलेला पाव, पावसातली फरसबंदी, आईची शाल... सगळे दिसत होते, आणि काहीच जवळ येत नव्हते.

"कोणाला सांगू नका," एवढेच मी म्हणालो.

"इथं मला ओळखतं कोण? तुम्ही सोडून." ती हसली. "तेही अजून नाव न विचारता. नोलवेन."

"तिबो."

गुरुवारी ती पुन्हा आली आणि जाताना, मी धीर गोळा करीत असतानाच, म्हणाली, "उद्या सकाळी मंडई दाखवाल? दहाला माझं काम सुरू होतं."

मंडईत तिने भलताच खेळ मांडला. प्रत्येक गाळ्यापाशी तिने वाकून हुंगायचे आणि मला तो वास शब्दांत सांगायचा.

"हे एपवास चीज?" मी विचारले.

"हसायचं नाही."

"नाही हसणार."

"माझ्या आजोबांचे बूट. मासेमारीहून परत आल्यावरचे. ...तुम्ही हसलात."

"आणि ही अळंबी?"

"आमच्या शाळेचं तळघर. तिथं मला एकदा एका मुलाने..." ती थांबली.

"एका मुलाने काय?"

"काही नाही. पुढचा गाळा."

"तळघराचं पूर्ण सांगा. माझ्या उपचाराचा प्रश्न आहे."

"अच्छा, म्हणजे बोलता येतं तुम्हाला." तिने बोलता बोलता एक चमचा माझ्या तोंडाशी धरला आणि मी भाबडेपणाने तो चाटला. आमच्या गावची प्रसिद्ध वाटलेली मोहरी होती. झणका थेट डोळ्यांत गेला.

"नाक झणझणलं ना? मग ते जिवंत आहे," ती समाधानाने म्हणाली, आणि आपल्या रुमालाने माझे डोळे पुसले. अगदी हलक्या हातांनी. झिजलेल्या कागदाला ती अशीच हात लावत असणार.

त्या हातांमुळेच मी सगळे सांगून टाकले. शनिवारी अकराला द्राक्षमळेवाले मस्यू बार्दे सहा बाटल्या घेऊन येणार होते. मी चव घेऊन होकार देईन ती वाइन वर्षभर आमच्याकडे येणार. खोटे बोललो तर खानावळीचे वर्ष बिघडणार. खरे बोललो तर माझे काम जाणार. आणि वाइनखेरीज मला दुसरे काही येत नव्हते.

नोलवेनने विचार केला. "मी शेजारच्या टेबलावर पुस्तक घेऊन बसते. आधी माझ्या पेल्यात ओता. चांगली असली तर पान उलटेन. वाईट असली तर कानातलं चाचपेन."

"तुमच्याकडे सफरचंदाची सायडर पितात. वाइन कळते तुम्हाला?"

"नासकं कळतं. तेवढं पुरे."

शनिवारी पहिल्या बाटलीला पान उलटले. दुसरीला तिचा हात कानाकडे गेला. "ही नको," मी म्हणालो, आणि मस्यू बार्देंनी ती बाजूला ठेवली. तिसरीला मी पुन्हा चोरून पाहिले. तिची बोटे कानाशी होती... की केसांशी? मला कळेना. समोर मस्यू बार्दे वाट पाहत होते, स्वयंपाकघराच्या दारात मादाम. नुकत्याच संपलेल्या तोडणीने त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत द्राक्षांचा जांभळा रंग मुरला होता. या माणसाचे वर्ष मी एका कानातल्याच्या भरवशावर मोडीत काढणार होतो.

मी पेला खाली ठेवला.

"मादाम, मला वास येत नाही. सहा आठवडे झाले."

मादाम पेरेनोंनी ॲप्रनला हात पुसले. "सात."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, एपवास चीज दोन दिवस तुझ्या कोटाखाली पडलं होतं. आधी कोटाचा वास आत यायचा, मागून तू. अख्ख्या मंडईला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले. परत आलेल्या पेल्यांचे तळ रोज हुंगत होते. बुधवारपर्यंत तुझं नशीब बरं होतं, एकही बाटली नासकी निघाली नव्हती." त्यांनी खुर्ची ओढली. "सरक. पंचवीस वर्षं चव मीच घ्यायचे. तू आलास म्हणून जरा निवांत झाले होते, एवढंच. सोमवारी डॉक्टरकडे जा. तोवर पेले पूस, त्याला नाक लागत नाही."

"माझ्या भावाचं नाक आठ महिन्यांनी जागं झालं," मस्यू बार्दे म्हणाले. "पण माझ्या तिसऱ्या बाटलीचं काय?"

मादामनी चव घेतली, डोळे मिटले, पुन्हा घेतली. "हीच घ्यायची. आणि दुसरी खरंच नासली आहे. त्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं नाक चांगलं आहे."

"तिसरीला मी फक्त केस मागे सारत होते," पुस्तकाआडून आवाज आला.

मस्यू बार्दे इतके हसले की त्यांना खोकला आला. मी मात्र भिंतीला टेकून उभा राहिलो. सात आठवडे छातीवर बसलेले काहीतरी उठून निघून गेले होते आणि श्वास, गंधाविना का होईना, पोटापर्यंत पोचत होता.

तिची गाडी चार दहाची. स्टेशनापर्यंत तिची बॅग मी घेतली. वाटेत हवेवर बोललो, ट्रामवर बोललो, काँपेरच्या पुलांवर बोललो. घड्याळात चार वाजत आले तेव्हा फलाटाच्या पायऱ्यांशी मी बॅग खाली ठेवली.

"नोलवेन, मला तुम्ही आवडता."

"हे सांगायला चार दिवस?"

"तीन. पहिल्या दिवशी वाटलं होतं, तुम्ही तक्रार करणार."

ती खळखळून हसली. मग माझ्या कोटाचे वरचे बटण लावू लागली. ते आधीच लावलेले होते.

"चला," मी म्हणालो, "गाडी लागली आहे."

"माझी नाही. मी सोमवारची रजा घेतली, तिकीट सकाळीच बदललं."

"मग ही बॅग... मी इथपर्यंत..."

"स्टेशन आल्याशिवाय तू बोलला असतास?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग," ती म्हणाली आणि बॅगेचा एक बंद स्वतःच्या हातात घेतला. दुसरा मी धरला. ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने, कुठेच पोचायची घाई नसलेल्या माणसांसारखे, आम्ही परत निघालो.