राहिलेली ओळ

शनिवारी अकराच्या सुमारास तो वाचनालयाच्या संगणक विभागात आला, रांगेत उभा राहिला आणि पाळी आल्यावर खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून तिच्या टेबलावर उलगडून ठेवला.

"यात एक ओळ राहिलीय," तो म्हणाला.

कागद तिचाच होता. दर महिन्याला ती 'अडलं तर' नावाचं एक पान लिहायची. फोन तापतोय, संगणक रुसलाय, आवाज येत नाही, अक्षरं मुंगीएवढी झालीत, अशा तक्रारींवरचे सोपे उपाय. वाचनालय त्याच्या दोनशे प्रती काढायचं आणि शनिवारी तीन तास ती स्वतः बसून लोकांचे फोन बघायची. नेहमीची मंडळी तिला उपायबाई म्हणत. ती वरवर चिडायची, पण मनातून तिला ते नाव फार आवडायचं. चार वर्षांत तिच्या पानात एकही चूक निघाली नव्हती आणि त्याचा तिला जरा जास्तच अभिमान होता, हेही सांगून टाकलेलं बरं.

त्यामुळे तिने भुवया उंचावूनच कागद हातात घेतला. उपाय सातवा. फोन फारच मंद झाला असेल आणि बाकी काही लागू पडत नसेल, तर सेटिंगमध्ये जाऊन तो नव्यासारखा कोरा करा. पुढे काय काय दाबायचं, ते क्रमाने दिलेलं. तिने एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कोरा करण्याआधी फोनमधल्या सगळ्याची दुसरीकडे नक्कल काढून ठेवा, ही ओळ तिथे नव्हतीच. पानात मजकूर मावेना म्हणून शेवटच्या घाईत तिनेच ती उडवली असणार.

"तुम्ही... केलात कोरा?"

"तुम्ही सांगितलं तसाच. फोन आता मस्त पळतो."

"आणि गेलं काय काय?"

"पाय," तो म्हणाला. "त्रेसष्ट माणसांचे."

तो जोडे शिवायचा. दुकानातले तयार जोडे ज्यांना होत नाहीत, त्यांच्यासाठी. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल ऑपरेशननंतर वाकलेलं, कुणाला साखरेच्या आजारामुळे जपून चालावं लागायचं. पाऊल कागदावर ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची आणि जिथे दुखतं तिथे फुली मारायची, ही त्याची पद्धत. गेल्या वर्षी बहिणीने डोक्यात भरवलं की कागदांचा पसारा कशाला, फोटो काढून ठेव. त्याने शेजारी फुटपट्टी ठेवून एकेका कागदाचा फोटो काढला आणि ते कागद तयार जोड्यांच्या नाकात कोंबून ज्याच्या त्याच्या घरी पाठवून दिले.

"बहिणीला सांगितलं तर ती वर्षभर हसेल, म्हणून तिला नाही सांगितलं," तो म्हणाला. "तुम्हाला सांगायला आलो. दुसरं कुणी हा सातवा उपाय करायच्या आत ओळ घाला, एवढंच."

तो भांडायला आला असता तर तिला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्यांना काय म्हणायचं ते तिला पाठ होतं. पण हा माणूस समोर शांत बसला होता आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्याचा फोन घेऊन अर्धा तास खटपट केली. त्याने कोरा करून नवीन खातं उघडलं होतं, जुन्याचं नाव-गाव त्याला आठवत नव्हतं. हाती काही लागलं नाही. मग तिने उरलेल्या चाळीस प्रती पुढ्यात ओढल्या आणि प्रत्येकीवर हाताने ओळ लिहायला घेतली. पाचव्या प्रतीला त्याने न विचारता निम्मा गठ्ठा आपल्याकडे घेतला. जे जपायचं आहे ते आधी दोन ठिकाणी ठेवा. त्याचं अक्षर टाके घातल्यासारखं सारख्या अंतराचं होतं.

लिहिता लिहिता तिने विचारलं की आता मापं परत कशी घेणार. रविवारी दुकान बंद ठेवून घरोघर जाईन म्हणाला, यातल्या बऱ्याच जणांना येणं-जाणं जमत नाही.

"मी येते," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"तुम्ही येऊन काय करणार?"

"नक्कल," ती म्हणाली. "दोन ठिकाणी."

पहिल्या रविवारी ते एका निवृत्त पोस्टमनच्या घरी गेले. त्यांचा डावा पाय उजव्याहून बोटभर आखूड होता आणि फोन महिनाभर मुका होता. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसला, दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि मगच पोस्टमनकाकांच्या पावलाला हात लावला. ती फोन हातात धरून ते बघतच राहिली. काकांचा फोन मुका नव्हताच, जाड कव्हराने आवाजाचं भोक बुजलं होतं. तिने कव्हर काढून काकांच्या घरच्यांना फोन लावला, तशी नातीची हाक खणखणीत ऐकू आली आणि काकांनी भरल्या डोळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तेव्हापासून कामाची वाटणी ठरून गेली. पाय त्याच्या ताब्यात, फोन तिच्या. नाच शिकवणाऱ्या बाईंचा फोन चार्ज होत नव्हता. तिने तो बंद करून भोकातला कापसाचा लोळ लाकडी काडीने अलगद बाहेर काढला. एका आजोबांनी भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. तिने तो बाहेर काढला, पुसला, खिडकीत वाऱ्यावर ठेवायला सांगितला आणि तांदूळ शिजवून खा म्हणाली. कारागीर खाली मान घालून हसत होता, पेन्सिल हलली आणि आजोबांच्या अंगठ्याला कागदावर एक जादा टेंगूळ आलं.

"निम्मे फोन तुम्ही नुसते बंद करून चालू करता," वाटेत तो म्हणाला. "आणि लोक पाया पडायचे बाकी राहतात."

"तुमचं काय वेगळं आहे? जोडा चावतो म्हटलं की सांगता, दोन दिवस घरात घालून बघा."

"तोच माझा बंद-चालू," तो म्हणाला आणि दोघंही रस्त्यात उभं राहून हसले.

तिसऱ्या रविवारी भुरभुर पाऊस आला. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली दोघं टेकले. तो रस्त्याकडे बघत होता, निदान तिला तसं वाटत होतं.

"तुमचा डावा जोडा लागतो तुम्हाला."

"कशावरून?"

"बसलात की आधी डावी टाच बाहेर निघते. त्या पहिल्या शनिवारीसुद्धा... टेबलाखाली."

"लोकांचे पाय बघत हिंडता?"

"कामच आहे ते." मग जरा थांबून, "पण घरी गेल्यावर सगळ्यांचे आठवत नाहीत."

तिने झटकन टाच आत घेतली. त्याने विचारलं, माप घेऊ का? ती नको म्हणाली, जरा तुटकपणेच. तिच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणापासून शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती. शाळेत मुली त्यावरून चिडवायच्या. तेव्हापासून तिने उघडी चप्पल कधी घातली नव्हती आणि पाय कुणाला दाखवला नव्हता. त्याने पुन्हा विचारलं नाही. तिला मात्र रात्रभर वाटत राहिलं की विचारायला हवं होतं.

चौथ्या रविवारी परतताना ती त्याच्या दुकानात शिरली. चामड्याचा आणि खळीचा वास, भिंतीवर लाकडी साचे, आणि मध्यभागी खिळ्याला अडकवलेलं तिचं पान, हाताने लिहिलेल्या ओळीसकट. कपाटात सुतळीने बांधलेला एकच कागदांचा गठ्ठा होता. वर पेन्सिलने लिहिलं होतं, 'घरचे'.

"एवढेच वाचले," तो म्हणाला. "आई, बहीण, भाची. घरच्यांचे फोटो काढायचे राहूनच गेले होते."

अडतीस पावलं झाली होती, पंचवीस राहिली होती. म्हणजे अजून तीन रविवार, फार तर चार. हा हिशेब तिने जिन्यात केला, घरी केला, दात घासताना केला. सगळी कामं झटपट उरकणारी ही बाई आताशा लोकांचे धडधाकट फोनही उलटसुलट करून बघत बसायची, तेवढाच वेळ जावा म्हणून. तिला तो आवडायला लागला होता. आवडायला लागला होता म्हणणंही कमीच, ती पार गुंतली होती. आणि पंचवीस पावलं संपल्यावर त्याला आपली गरज उरणार नाही, ही भीती तिच्या मनातून जात नव्हती.

पुढच्या शनिवारी रांगेत एक बाई आली. बोलकी, घाईतली.

"तुम्हीच का उपायबाई? माझा भाऊ तुमचं पान भिंतीला लावून बसलाय. बरं, माझा फोन भरलाय म्हणतो. उघडला तर नुसते पायच पाय. लोकांचे पाय, हो. त्याचा फोन मीच सुरू करून दिला होता, माझ्याच खात्यावर, तेव्हापासून त्याचं सगळं माझ्याकडे येऊन पडतं. महिनाभर थांबलेत, पण आधीचे आहेतच. तेवढे पुसून द्या."

तिने फोन हातात घेतला. फुटपट्टी, पाऊल, फुली. पोस्टमनकाका, नाचाच्या बाई, तांदळातले आजोबा. त्रेसष्टच्या त्रेसष्ट.

"आणि हल्ली रविवारचं दुकान बंद," बहीण सांगत होती. "दाढी करून जातो कुठेतरी. विचारलं की म्हणतो, दुरुस्ती चाललीय."

सगळे फोटो निवडायला एक टिचकी, पुसायला दुसरी. मालकीण स्वतःच पुसा म्हणत होती. कुणाला कधी कळलं नसतं आणि पंचवीस पावलं, चार रविवार शाबूत राहिले असते. तिचं बोट पुसायच्या खुणेवर बराच वेळ थांबलं. मग तिने पेनड्राइव्ह शोधला, सगळे फोटो त्यावर घेतले आणि बहिणीला सांगितलं की भावाला विचारल्याशिवाय पुसायचे नाहीत, पुढच्या शनिवारी या.

दुपारी ती त्याच्या दुकानात गेली आणि पेनड्राइव्ह साच्यांमध्ये ठेवला. काय झालं ते एका दमात सांगितलं.

"म्हणजे आता उद्या यायला नको," ती शेवटी म्हणाली.

दुकानातल्या जुन्या संगणकाला पेनड्राइव्ह लावून त्याने पोस्टमनकाकांचं पाऊल उघडलं आणि पहिल्या रविवारचा नवा कागद पडद्याशेजारी धरला.

"बघा. टाच बसलीय, पंजा पसरलाय. गेल्या वर्षीच्या मापावर शिवला असता तर चावला असता. पाय बदलतात." त्याने कागद खाली ठेवला. "उरलेल्या पंचवीस जणांकडे जावंच लागेल. आणि... जावं लागलं नसतं, तरी मी काहीतरी कारण काढलं असतं. आठवडाभर तोच विचार करतोय."

तिला हायसं वाटलं आणि रडूही आलं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती.

"मी पुसणार होते ते," ती म्हणाली. "बोट ठेवलं होतं."

"मग?"

"त्या लोकांना चालायचं असतं त्यावर. माझ्यासाठी कसे पुसू?"

तो तिच्याकडे बघत राहिला. नजर हटवायची त्याला घाई नव्हती. ती स्टुलावर बसली, डावा जोडा काढला, मोजा काढला, आणि डोळे मिटून पाऊल पुढे केलं. त्याने कोरा कागद अंथरला. हात चोळल्याचा आवाज आला, मग गरम तळवा टाचेखाली. पेन्सिल टाचेपासून निघाली, कमानीशी गुदगुल्या करत बोटांवरून फिरली आणि करंगळीपाशी थांबली. तिने श्वास धरला. त्याने तिथे एक छोटी फुली मारली, बाकीच्यांसारखीच.

"इथे जागा ठेवतो," तो म्हणाला. "दाटीवाटीने बसलीय बिचारी."

तिने डोळे उघडले. तो कागद हातात धरून कपाटाजवळ उभा होता.

"हा कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

तिने सुतळीच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"घरच्यांत," ती म्हणाली. "पण आधी फोटो काढा. दोन ठिकाणी हवा."